शनिवारचं टपाल

बाईंचं नाव मी सांगणार नाही. त्यांचं नावांशी तसंही कधी जमलं नाही. नवीन मुली शिकायला आल्या की पहिल्या दिवशी त्या फक्त गाव विचारायच्या, आणि मग दोन वर्षं त्या गावाच्या नावाने हाक. मी तोंडवली. माझ्या शेजारच्या खाटेवरची धामापूर. एका गावच्या दोघी निघाल्या तर थोरली आचरा आणि धाकटी आचरा. "नावां काय, लग्न झाला की बदलतत," असं त्यांचं म्हणणं. "गाव बदलणा नाय." लग्न झाल्यावर गावही बदलतं, हे त्यांना सांगायची आमच्यापैकी एकीचीही छाती नव्हती.

आमचं हॉस्पिटल म्हणजे समुद्राकडे तोंड केलेली एक लांबलचक कौलारू इमारत. दोन वॉर्ड, बाळंतिणींची एक खोली, आणि मागच्या माडांत आम्हा चौदा मुलींचं वसतिगृह. शिकवायला बाई, वॉर्डावर बाई, वसतिगृहात कोण किती वाजता झोपली ते बघायलाही बाईच. बुटक्या, हाडकुळ्या, पांढरं पातळ, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. त्यांना वॉर्डात बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सकाळच्या पेजेचा वाडगासुद्धा त्या खिडकीशी उभ्यानेच संपवायच्या. डॉक्टरांशी आणि साहेबलोकांशी पुस्तकातलं मराठी, आमच्याशी मात्र रागात आणि मायेत दोन्ही वेळा मालवणी. त्यामुळे राग कुठला आणि माया कुठली हे ओळखायला आम्हाला वर्ष लागायचं.

हजेरी सकाळी सहाला, ओळीत उभं राहून. दुसरीकडे मुली 'हजर' म्हणतात. आमच्याकडे नवीन मुलीने तसं म्हटलं की बाई चष्म्यावरून बघायच्या. "तू हजर आसंस ता माका दिसता. तुझी खाट खंय आसा?" म्हणजे आपल्याकडे जी खाट सोपवलेली असेल तिच्यावरच्या माणसाची खबर द्यायची. चार नंबर, झोप लागली, ताप उतरला, पेज घेतली. एवढं सांगितलं की ती मुलगी हजर. नाही सांगता आलं तर गैरहजर, मग ती समोर उभी का असेना. मी एकदा 'तीन नंबर, लघवी झाली' असं अंदाजाने ठोकून दिलं. बाई तशाच वॉर्डात जाऊन तीन नंबरच्या आजोबांना विचारून आल्या आणि माझ्या नावापुढे गैरहजर लिहिलं. मी तिथेच उभी, तोंड पाडून.

माझ्यानंतरच्या मुलींना बाई आठवतात त्या मात्र कपाळावरच्या हातामुळे. हजेरी झाली की बाई ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या आणि प्रत्येकीच्या कपाळाला उलटा हात लावायच्या. थर्मामीटर खिशात, तापाची वही काखेत, तरी हात. तो हात बारमाही थंड. मुली जेवणघरात त्यांची नक्कल करायच्या, 'म्हातारीक थर्मामीटर दिसणा नाय' म्हणून खिदळायच्या. तोवर मी तिथेच नोकरीला लागले होते. एकदा अशी नक्कल करणारीला मी इतकं झापलं की ती रडायलाच लागली. पोरींना वाटलं मला बाईंचा पुळका आहे. पुळका कसला डोंबलाचा. मला तो हात सहन होत नव्हता. मी शिकायला आले तेव्हा ही पद्धत नव्हती. ती कुठल्या दिवशी सुरू झाली ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ती माझ्यामुळे सुरू झाली असं मी बारा वर्षं धरून चालले होते.

त्याच सुमारास बाईंची दुसरी एक पद्धत बंद पडली होती. तिच्याकडे मी नीट लक्ष दिलं नाही. ती म्हणजे शनिवारचं टपाल.

आमची पत्रं आठवडाभर येत आणि बाईंच्या पत्र्याच्या पेटीत जाऊन पडत. शनिवारी दुपारी वॉर्ड धुऊन झाले की बाई पेटी उघडायच्या आणि व्हरांड्यात एकेका गावाचा पुकारा व्हायचा. आधी मागून उपयोग नाही. पत्र वाचलेली पोर त्या दिवशी औषधं चुकवते, बातमी वाईट असली तर रडून चुकवते आणि चांगली असली तर हसून चुकवते, असा त्यांचा अनुभव होता. तार आली तरच लगेच. बाकी सगळं शनिवारी. देवबागेच्या एका मुलीला बापाने लिहिलं होतं की शुक्रवारी पाहुणे तुला बघायला येतील, जरा नीट राहा. पत्र मंगळवारी आलं आणि पेटीत गेलं. शुक्रवारी तीन माणसं वॉर्डाच्या दारात उभी, आणि ही एका हातात बेडपॅन आणि दुसऱ्या हातात फिनेलची बाटली घेऊन 'भेटायची वेळ चारनंतर' म्हणून त्यांच्यावर खेकसली. शनिवारी पत्र वाचून ती मटकन खाली बसली. लग्न मात्र तिथेच ठरलं. मुलगा म्हणाला, बाई खमकी दिसते. आमच्या बाईंनी ही गोष्ट पुढे प्रत्येक नव्या तुकडीला आपल्या पद्धतीचा पुरावा म्हणून सांगितली.

आजारपणाबद्दलही त्यांचे नियम होते, आणि मुंबईहून आलेला एक कागद होता. कागद जेवणघराच्या भिंतीला चिकटवलेला. वर्षाला आजारपणाचे पंधरा दिवस. त्यावर एक दिवस झाला तरी वर्ष पुन्हा पहिल्यापासून. बाईंनी त्याला आपली जोड दिली होती. आजारी मुलीने वसतिगृहात लोळायचं नाही, सरळ वॉर्डातल्या खाटेवर पेशंट म्हणून पडायचं. तिच्याच वर्गातल्या मुलींनी तिचं करायचं, आणि बरी झाल्यावर तिने एक पान लिहून द्यायचं, की मला कोणी पाणी दिलं, कोणी हाकेला ओ दिली नाही, चादर ओली असताना कोण बघून निघून गेलं. ते पान बाई सगळ्यांसमोर वाचायच्या. अशाच एका पानात 'दुपारी तीनदा हाक मारली, तोंडवली खिडकीत केस विंचरत होती' असं माझं नाव आलं.  दुसऱ्या दिवशी बाईंनी मला त्याच खाटेवर निजवलं, उठायचं नाही म्हणून सांगितलं, आणि बाकीच्यांना ताकीद दिली की हिच्या हाकेला संध्याकाळपर्यंत कोणी जायचं नाही. वैशाखातला दिवस. पाण्याचा तांब्या हाताला लागेल न लागेल इतक्या अंतरावर. चार वाजता बाई स्वतः आल्या, मला बसतं केलं, पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "कळला?" मला कळलं होतं. त्या दिवसापासून माझ्या खाटेवरच्या माणसाला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते.

तेव्हापासून बाईंचा माझ्यावर विश्वास बसला. आणि त्यांचा सगळ्यात मोठा विश्वास होता तो लिहिलेल्यावर. तोंडी सांगितलेलं त्या तपासून बघायच्या, लिहिलेलं कधीच नाही. "बोलताना माणूस घसरता. लिवताना हात थांबता." म्हणून मुलींच्या तापाची वही त्यांनी माझ्याकडे दिली. सकाळी जिला बरं वाटत नसेल तिने माझ्याकडे यायचं, मी जिभेखाली थर्मामीटर ठेवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. त्या आकड्यावरून बाई ठरवणार, ही खाटेवर जाईल की कामावर.

आता धामापूरचं सांगायला हवं. तिचं नाव कुंदा. आमच्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी, नवरा वारलेला, पाच वर्षांची मुलगी धामापुरात आई आणि भावाकडे ठेवून शिकायला आलेली. भावाने दोन वर्षांची परवानगी दिली होती. दोन म्हणजे दोन. तिसऱ्या वर्षी शिक्षण पुरं झालेलं असो नसो, घरी परत यायचं आणि चुलीपुढे बसायचं. कुंदा हे सगळं हसत सांगायची. परीक्षा झाली की कुठेतरी दवाखान्याची खोली मिळेल, तिथे मुलीला आणायची, शाळेत घालायची, एवढंच तिचं म्हणणं. "चेडवाक माझ्या हाताखाली वाढवूचा आसा माका. मामाच्या नाय." आमच्यात सगळ्यात हुशार तीच. शरीर मात्र तिला साथ देत नव्हतं. पावसाळ्यात हिवतापाने सात दिवस गेले. मग मुलीला गोवर आला म्हणून धामापुरात सहा दिवस. तेही दिवस आजारपणातच धरले गेले, कागदात वेगळं काही लिहिलं नव्हतं. तेरा झाले. परीक्षेला तीन महिने होते आणि कुंदाकडे दोन दिवस उरले होते. आम्हा सगळ्यांना तो हिशोब पाठ होता. देवळात गेलो तरी आम्ही कुंदाला बरी ठेव म्हणून हात जोडायचो.

एका रविवारी सकाळी ती माझ्याकडे आली आणि आ वासून बसली. मी थर्मामीटर ठेवलं. एकशे एक.

"लिवू नको गो," ती म्हणाली. "दोनच दिवस रवलेत माझे. जागरणाचो ताप आसा, उतरतलो."

मी म्हटलं, बाईंना सांगूया, त्या काहीतरी करतील. ती म्हणाली, "बाई काय करतल्यो? कागद मुंबयचो. वर्ष गेला तर माका घराक जावचा लागतला." मग तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही. मी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिलं. लिहिताना हात थांबला नाही. मला आपण काहीतरी मोठं चांगलं करतोय असंच वाटत होतं, हेही कबूल करते.

सोमवारी पुन्हा एकशे एक. मी अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन लिहिलं. रोज एकच आकडा लिहिला तर तो खोटा वाटतो, निरोगी माणसाचाही ताप थोडा वरखाली होतो, हे बाईंनीच शिकवलं होतं. खोटं लिहायला मी त्यांचीच विद्या वापरली. मंगळवारी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. बुधवारी पॉइंट सहा. कुंदाला त्या दिवशी एकशे दोनच्या वर होता आणि ती दोन वॉर्डांच्या चादरी बदलत होती. तेव्हा मला कळलं की हा ताप रविवारचा नाही. त्याआधीही आठवडाभर अंग मोडून येत होतं, तिने मलाही सांगितलं नव्हतं. तरी मी लिहीत राहिले. एकदा लिहायला लागल्यावर खरं लिहायचं तर मागचे सगळे आकडे खोटे ठरले असते.

त्याच दिवशी हजेरीला बाई तिच्यासमोर थांबल्या. "धामापूर, तोंड कित्याक सुकला तुझा?"

"झोप नाय लागली, बाई."

बाई माझ्याकडे वळल्या. "तोंडवली, वहीत काय आसा?"

"नॉर्मल, बाई."

बाई पुढे गेल्या. वहीत होतं ते त्यांना पुरेसं होतं.

शुक्रवारी दुपारी कुंदा पाण्याची बादली उचलताना वाकली ती तशीच खाली बसली, पोट धरून. आम्ही उचलून तिला अकरा नंबरच्या खाटेवर नेलं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. पोट फळीसारखं कडक झालं होतं. विषमज्वर होता, आणि आतडं फुटलं होतं. त्या काळी आमच्याकडे त्यावर करण्यासारखं फार काही नव्हतं. मोठ्या ऑपरेशनला घाट चढून कोल्हापूर गाठायचं, आणि तिला तर कूस बदलताही येत नव्हती. डॉक्टरांनी तापाची वही मागवली. सहा दिवसांचे आकडे बघितले. "विषमज्वरात नॉर्मल? हे कोणी लिहिलं?"

मी तोंड उघडत होते, खरंच उघडत होते. त्याआधी बाईंनी डॉक्टरांच्या हातातून वही घेतली, मिटली आणि म्हणाल्या, "वहीची जबाबदारी माझी आहे, डॉक्टर. आधी पेशंटकडे बघा." मग वही काखेत धरून त्या खाटेशी उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथून हलल्या नाहीत.

कुंदा पाणी मागत होती. आतडं फुटलेल्या माणसाला पाणी देत नाहीत. ज्या बाईंनी आम्हाला पाण्यावरून एवढं छळलं, त्यांनाच नाही म्हणावं लागत होतं. बाई कापसाचा बोळा भिजवून तिच्या ओठांवरून फिरवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा फिरवायच्या. आम्ही पुढे झालो तरी बोळा कोणाच्या हातात दिला नाही. शनिवारी दुपारी, टपालाच्या वेळेला, कुंदा गेली. धामापुराला निरोप उशिरा पोचला, आई निघाली ती वाटेतच होती. त्या शनिवारी पेटी कोणी उघडली नाही.

रविवारी सकाळी सहाला हजेरी झाली. बाईंनी एकेक खाट पुकारली. अकरा नंबर माझ्याकडे होती.

"अकरा नंबर?"

"रिकामी, बाई," मी म्हणाले.

बाईंनी लिहिलं. मग बुक मिटून त्या ओळीच्या टोकाला गेल्या आणि पहिल्या मुलीच्या कपाळाला उलटा हात लावला. मग दुसरीच्या. माझ्याकडे आल्या तेव्हा तो हात जरा जास्त वेळ थांबला असं मला वाटलं. त्यांना सगळं कळलं आहे हे मला तिथेच उमगलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. वही मला परत दिली नाही, नवीन वही दुसऱ्या मुलीकडे दिली.

मी पास झाले. दुसरीकडे नोकरी धरता आली असती, पण तिथेच राहिले. का राहिले ते मला नीट सांगता येत नाही. पळून गेले असं बाईंना वाटू नये, एवढं एक कारण असेल. रोज सकाळी मुलींच्या ओळीच्या शेवटी स्टाफनेही उभं राहायचं, आणि रोज तो थंड हात माझ्या कपाळाला लागायचा. मी त्याला शिक्षा समजत होते. अकरा वर्षं रोज. कधीकधी मला बाईंचा इतका राग यायचा की वाटायचं, एकदा मोठ्याने शिव्या घाला आणि मोकळं करा. बाकी त्यांच्यात पुष्कळ फरक पडला होता. टपाल आलं की त्या हातातलं काम टाकून स्वतः पत्र पोचवायला जायच्या, मुलगी न्हाणीघरात असली तर दाराबाहेर उभ्या राहायच्या. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी मऊ पडली. पुढे धामापूरची आणखी एक मुलगी आली, तिला त्यांनी पहिल्या दिवसापासून तिच्या नावाने हाक मारली. वर्षातून एक दिवस रजा घ्यायच्या, भगवतीच्या दर्शनाला जाते म्हणून. मी तेही भक्तीच्या खात्यात टाकलं.

मी स्वतः मात्र धामापुराला एकदाही गेले नाही. तासदोन तासांची वाट. गेले नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि कुणकेश्वरला भावाच्या घरी राहायला गेल्या. दीडेक वर्षाने कळलं की त्यांनी अंथरूण धरलं आहे. मी दोन दिवसांची रजा टाकून गेले. देवळाकडून घंटेचा आवाज येत होता, पडवीत बाजेवर बाई उशीला टेकून बसल्या होत्या. आणखी बारीक झालेल्या. मला बघून पहिलं वाक्य हेच, "तोंडवली, तुझी खाट कोणाकडे दिलंस?" मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मी वाटेत ठरवलं होतं ते तिथे बसल्या बसल्या सांगून टाकलं. रविवारपासूनचे सगळे आकडे सांगितले, खरे आणि खोटे दोन्ही, मला पाठच होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही मला कधी बोलला नाहीत. रोज कपाळाला हात लावलात. त्यापेक्षा मला घालवून दिलं असतंत तर बरं झालं असतं."

बाई म्हणाल्या, "तो हात तुझ्यासाठी होतो असा वाटला तुका? तू कोण मोठी लागून गेलंस गो?"

त्यांनी बाजेखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. वर ती जुनी तापाची वही होती. वहीत, त्या आठवड्याच्या पानाशी, एक पाकीट. मी कागद काढला. मुंबईहून आलेला. मुलीच्या गोवरासाठी घेतलेले सहा दिवस विद्यार्थिनीच्या आजारपणात धरू नयेत, बाईंची विनंती मान्य आहे, असं तीन ओळींत लिहिलेलं.

"मी लिवलेलंय. तिका सांगूक नाय, आशा लावूक नको म्हणान," बाई म्हणाल्या. "उत्तर सोमवारी इला."

मला एक क्षण काही कळेना. मग कळलं. सोमवार म्हणजे मी दुसऱ्यांदा खोटा आकडा लिहिला तो दिवस. त्या दिवशी कुंदाकडे दोन नाही, आठ दिवस होते. पत्र हातात पडलं असतं तर ती त्याच दुपारी आपल्या पायांनी जाऊन खाटेवर पडली असती. पत्र पेटीत होतं. शनिवारची वाट बघत.

"सोमवारी निजली असती तर वाचली असती काय?" मी विचारलं.

"ता माका इचारू नको," बाई म्हणाल्या. "मी बारा वर्षां इचारतंय." मग पुस्तकातल्या मराठीत, डॉक्टरांशी बोलावं तसं म्हणाल्या, "लिहिलेल्यावर विश्वास ठेवला आणि समोर उभी असलेली मुलगी बघितली नाही. चांगली बातमी आली ती कुलपात ठेवली. तुझा दोष तुझ्याकडे, माझा माझ्याकडे. हात माझ्या दोषाचा होता."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. मी उठायला लागले तेव्हा म्हणाल्या, "तिच्या आवशीक मी सांगितलेलंय, पत्राचा. दरवर्षी जाय होतंय. वहीचा नाय सांगूक. ता तुझा आसा." म्हणजे भगवतीच्या नावाने रजा घेऊन त्या कुंदाच्या आईकडे जात होत्या. मग निरोप म्हणून त्यांनी हात पुढे केला. माझ्या कपाळापर्यंत तो पोचत नव्हता, मी वाकले.

पुढच्याच आठवड्यात मी धामापुराला गेले. तलावाकडून जाणाऱ्या वाटेवर घर होतं. कुंदाची आई पडवीत सुपारी सोलत बसली होती. मुलगी सतराअठराची, कुंदासारखीच उंच, दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मी काही लपवलं नाही. आजीचे हात थांबले, मग पुन्हा सुपारी सोलू लागले. 

मुलीने विचारलं, "आई पाणी मागत होती?"

"होय," मी म्हणाले.

"दिलंत?"

"नाही. त्या आजारात देत नाहीत. बाई ओठ भिजवत होत्या. शेवटपर्यंत."

ती आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. ती तांब्या आणि फुलपात्र घेऊन आली, गुळाचा खडा समोर ठेवला, आणि मी पाणी पिऊन संपवेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग भांडी उचलून घेऊन गेली. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी अजून ठरवलेलं नाही.

त्या संध्याकाळी परत येऊन मी एक पान लिहिलं, बाई लिहून घ्यायच्या तसं. कोण काय बोललं, कोणी पाणी दिलं. आणि कुणकेश्वरच्या पत्त्यावर टाकलं. महिन्याभरात बाई गेल्याचं कळलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या भाच्याला विचारलं, माझं पत्र पोचलं होतं का.

"पोचलं तर," तो म्हणाला. "पोस्टमन अंगणातून बाहेरसुद्धा पडला नव्हता, आत्याने बाजेवर उठून बसून फोडलं. मी म्हटलं, जेवून घे, मग वाच. ऐकलं नाही. वाचलं, घडी केली, आणि मग पेज मागितली."

वार कुठला होता, मी विचारलं. त्याला आठवत नव्हतं.